डिसेंबरचं वेळापत्रक : दुसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

वर्गशिक्षिकेची चिठ्ठी चारच वाक्यांची होती. सरावाला बसत नाही. मुलांना मारतो. काल हॉलमधून पळाला. नाटकातून काढावं का?

मुलगा दुसरीतला, वय सात वर्षं. डिसेंबरचा दुसरा आठवडा चालू होता आणि येशूच्या जन्माच्या गोष्टीवरचं नाताळचं नाटुकलं जवळ आलं होतं. त्यात तो मेंढपाळ होता. मी त्या प्राथमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. अशा चिठ्ठ्या वर्षभर येतात, पण डिसेंबरमध्ये त्यांची संख्या वाढते आणि त्यातली बरीच मुलं अशी असतात की ज्यांचं नाव एरवी माझ्यापर्यंत कधी आलेलंच नसतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नोव्हेंबरपर्यंत हा मुलगा वर्गात कसा होता ते आधी सांगते, कारण तुलना त्याच्याशीच करायची आहे. वाचन वयाच्या मानाने पुढे. गणिताची वही नीटनेटकी. दप्तरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. बाई रजेवर असल्या आणि दुसऱ्या कुणी तास घेतला की तो दिवसभर हिरमुसलेला असायचा, पण त्यानं कुणाला त्रास दिल्याची एकही नोंद नव्हती. मित्र एकच, पण मैत्री घट्ट. असं मूल मोठ्या वर्गात सहसा नजरेत भरत नाही. त्याला काही अडचण असलीच तर ती दिवसाच्या ठरलेल्या क्रमामागे झाकली जाते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं वर्गातली कागदी साखळी ओढून तोडली. दोन दिवसांनी नाटकातली मेंढपाळाची काठी आपल्याच त्या मित्राच्या खांद्यावर मारली, चांगली जोरात, वळ उठेपर्यंत. दर थोड्या वेळानं "बाई, आता काय?" असं विचारणं सुरू झालं. आणि मग ते पळणं. सगळी शाळा हॉलमध्ये शेवटच्या गाण्याचा सराव करत होती, देवदूतांची रांग उजवीकडून डावीकडे नेण्यात शिक्षक गुंतले होते, तेवढ्यात हा बाजूच्या दारानं निसटला. वीसेक मिनिटं तो सापडत नव्हता. सफाईचं काम करणाऱ्या मावशींना तो बुटांच्या मांडणीमागे बसलेला दिसला. रडत नव्हता. मावशींनी "इथं काय करतोस रे?" असं विचारल्यावर म्हणाला, "माझं गणित राहिलंय."

मावशींनी हे वाक्य जसंच्या तसं बाईंना सांगितलं, हे त्यांचे मोठेच उपकार. बहुतेक वेळा अशा गोंधळात मूल नेमकं काय बोललं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. "सापडला" एवढंच पुढे जातं.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी दोन मतं होती आणि दोन्ही मनापासूनची होती. संगीताच्या सरांचं म्हणणं, चाळीस मुलं आठवडे मेहनत घेताहेत, एकामुळे सगळ्यांचा विरस होऊ नये, शिवाय तो पुन्हा पळाला आणि काही झालं तर जबाबदार कोण? वर्गशिक्षिकेचं म्हणणं, आता त्याला काढलं तर ती शिक्षा ठरेल आणि ती त्याच्या कायम लक्षात राहील. मुलाची आई त्याच संध्याकाळी भेटायला आली. तिचा प्रश्न वेगळाच होता. "बाई, त्याला ऑटिझम तर नाही ना?" तिनं रात्रभर मोबाइलवर ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं वाचली होती.

आईला मी तेव्हा जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण बऱ्याच पालकांच्या मनात ही भीती असते. फक्त डिसेंबरमधल्या वागण्यावरून कुठलंही निदान करू नये. शाळेचा हा महिना वर्षातल्या कुठल्याच महिन्यासारखा नसतो. तपासणी करायचीच असेल तर दिवस पुन्हा रुळावर आल्यावर मूल कसं आहे ते आधी पाहावं. मुलाला आत्ता मदत करायला मात्र निदानाची वाट पाहावी लागत नाही.

नोंदींत काय सापडलं

वर्गशिक्षिका आणि मी दोन आठवड्यांच्या नोंदी घेऊन बसलो. प्रत्येक प्रसंगाचे तीन रकाने केले : आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं. ही जुनी, साधी पद्धत आहे आणि तिची ताकद पहिल्या रकान्यात आहे. शाळेतल्या नोंदी बहुधा दुसऱ्या रकान्यापासून सुरू होतात. "काठीनं मारलं" हे लिहिलेलं असतं. काठी हातात देऊन त्याला किती वेळ नुसतं बसवून ठेवलं होतं, ते लिहिलेलं नसतं.

रकाने भरताना पहिली गोष्ट दिसली ती ही : एकही प्रसंग काम चालू असताना घडलेला नव्हता. चांदण्या कापताना, गोंद, कात्र्या, आरडाओरडा, सांडलेला रंग, सगळं असताना हा मुलगा तासभर शांत होता. बिनसलं ते दोनच ठिकाणी. एक, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना. दोन, काहीच न करता थांबून राहताना.

दुसरी गोष्ट भिंतीवर होती. वर्गात फळ्याशेजारी दिवसाचं वेळापत्रक लावलेलं असे. मुलं रोज सकाळी ते वाचत. डिसेंबर लागल्यापासून ते कुणी बदललंच नव्हतं. भिंतीवर "गणित" लिहिलेलं असे आणि दारात कुणीतरी येऊन सांगे, "बाई, मेंढपाळांना पाठवा." मग गणित कधी व्हायचं? दुसऱ्या दिवशी, किंवा होतच नसे. मोठ्यांना हे चालून जातं, कारण मोठ्यांच्या डोक्यात महिन्याचं चित्र तयार असतं. चार दिवस गणित बुडालं तरी जानेवारीत भरून काढू हे आपल्याला माहीत असतं. सात वर्षांच्या मुलाकडे ते चित्र नसतं. त्याच्याकडे भिंतीवरचा कागद होता, आणि तो कागद रोज खोटा ठरत होता. "माझं गणित राहिलंय" हे त्यानं अगदी खरं सांगितलं होतं. ज्या दिवशी तो पळाला त्या दिवशी त्या वेळेला भिंतीवर गणितच होतं.

माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं हेच आहे. डिसेंबरमध्ये मुलं "उत्साहानं वेडी होतात" असं शाळांमध्ये सर्रास म्हटलं जातं. उत्साह असतोच. पण त्याच्या आड शाळेनं दिवसाचा आकार काढून घेतलेला असतो, आणि तो कुणी काढून घेतला हे आपण विसरतो. आनंदाची वाट पाहणंही लहान मुलाला जड जातं. त्या वाट पाहण्याला काही आकार दिला तरच ते पेलतं.

किती दिवस राहिले?

वर्गात आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांचं, कॅलेंडर होतं : भिंतीवर चोवीस खिडक्या, रोज एक उघडायची, प्रत्येक खिडकीत एक चित्र. कल्पना छान आहे. पण शनिवार-रविवार शाळा बंद, म्हणून सोमवारी तीन खिडक्या एकदम उघडल्या जात. बाईंच्या दृष्टीनं हा सरळ हिशोब होता. या मुलाच्या दृष्टीनं नियम मोडला होता. एक दिवस म्हणजे एक खिडकी असं ठरलं असताना एका दिवसात तीन कशा? त्यानं आईला घरी विचारलं होतं, "आज तीन दिवस झाले का?" आईला प्रश्नच कळला नव्हता.

त्यात भर म्हणजे शाळेत प्रत्येक गोष्टीला "नाताळ" म्हटलं जात होतं. सजावटीचा दिवस, पोशाखाचा दिवस, पालकांसाठीचं नाटक, शेवटचा दिवस, सुट्टी आणि प्रत्यक्ष २५ डिसेंबर, या सगळ्यांना मोठी माणसं "नाताळ आला की" असं म्हणत. मुलानं सजावटीच्या दिवशी सकाळी विचारलं होतं, "आज आहे ना?" बाई म्हणाल्या, "हो, आज आहे!" त्यांना सजावट अभिप्रेत होती. त्यानं तोडलेली कागदी साखळी त्याच दुपारची. सगळं लावून झालं, आणि नाताळ झालाच नाही.

घरचीही एक वाट पाहणी यात मिसळलेली होती. वडील कामासाठी लांब राहत होते आणि ते २३ तारखेला येणार होते. घरी रोज "बाबा नाताळला येणार" असं म्हटलं जात होतं. शाळेनं जितक्या वेळा "नाताळ आला" म्हटलं, तितक्या वेळा या मुलानं दाराकडे पाहिलं असणार. हे आईनं सांगितलं तेव्हा वर्गशिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलांच्या या मोजण्याच्या गरजेतूनच एक परंपरा जन्माला आली आहे. योहान हिनरिख विखर्न हे धर्मोपदेशक हॅम्बुर्गमध्ये गरीब आणि निराधार मुलांसाठी एक संस्था चालवत. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज भंडावून सोडत, तेव्हा १८३९ साली त्यांनी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या असं सांगतात : रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी वीस लहान लाल. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरलाच आला होता, त्यामुळे हिशोब बरोबर चोवीसचा. आज चर्चमध्ये आणि घरांत दिसणारं चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र त्यातूनच आलं. विखर्न यांच्या चाकात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की रविवार वेगळा दिसत होता, पण एकही दिवस गाळलेला नव्हता. आमच्या वर्गाच्या कॅलेंडरमधून नेमकं तेच निसटलं होतं.

आणखी एक गुंता असतो. चर्चचा आगमनकाळ चार रविवारांनी मोजला जातो आणि पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. म्हणजे तो काळ दरवर्षी २२ ते २८ दिवसांच्या दरम्यान कमीजास्त होतो. खिडक्यांचं कॅलेंडर मात्र १ डिसेंबरला सुरू होतं. ज्या शाळेत मेणबत्त्यांचं चक्र आणि खिडक्या दोन्ही असतात तिथे मुलांसमोर दोन वेगवेगळी मोजमापं असतात. मोठ्यांना यात वावगं काही दिसत नाही, पण एखाद्या मुलाला विचारून पाहावं की दोन्हींतलं खरं कोणतं.

यादी

तिसऱ्या रकान्यात, म्हणजे मोठ्यांनी नंतर काय केलं त्यात, एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. "सांता बघतोय हं. यादीत नाव राहणार नाही." कधी मदतनीस, कधी दुसऱ्या वर्गाच्या बाई, कधी जिन्यावरून जाणारं कुणी. सगळ्यांनी सहज म्हटलेलं. सांता चांगल्या मुलांची यादी ठेवतो आणि त्यांनाच भेटी देतो, या समजुतीवरची ही धमकी.

मी मुलाशी बोलायला बसले तेव्हा चित्र काढता काढता तो म्हणाला, "माझं नाव गेलंय." कुठून गेलं, विचारलं. "यादीतून. मी काठी मारली ना, तेव्हा." मग परत यायला काय करावं लागेल, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. "गेलं की गेलं."

या धमकीबद्दल मला परखड बोलायचं आहे. ती चुकीची आहे, आणि ती उपयोगाचीही नाही. जोवर मूल चुकत नाही तोवरच ती चालते. पहिली चूक झाली की मुलाच्या हिशोबानं सगळं गमावून झालेलं असतं. आता नीट वागण्याचं कारणच उरत नाही. काठीच्या प्रसंगानंतरच्या नोंदी एकाएकी दाट झाल्या होत्या, ते काही उगाच नव्हतं. शिवाय ज्या मुलांच्या घरी भेटवस्तूंची ऐपत नाही, त्यांना ही यादी काय सांगते? २५ तारखेला काही मिळालं नाही, तर ते मूल स्वतःबद्दल काय निष्कर्ष काढेल? मायराच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ज्या संत निकोलसच्या आख्यायिकांतून सांताची आकृती पुढे आली, त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कथा गरीब बापाच्या तीन मुलींना रात्री गुपचूप पैसे पोचवल्याची आहे. त्या मुलींची वर्तणूक कुणी तपासली नव्हती. गरज होती म्हणून दिलं गेलं.

मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना, कार्यालयापासून मदतनीसांपर्यंत, यादीची भाषा बंद करायला सांगितलं. एका शिक्षिकेला ते पटलं नाही. त्यांच्या मते थोडी गंमत चालते. चर्चा झाली, सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण नियम पाळला गेला. मुलाला वर्गशिक्षिकेनं एकटं असताना सांगितलं, "या शाळेत कुणाचीही यादी ठेवत नाहीत. तू मित्राला मारलंस ते चुकलं. ते कसं नीट करायचं ते आपण दोघं बघू." ते त्यांनी केलंही. मुलानं मित्रासाठी चित्र काढलं, आणि मित्रानं त्याला एक अट घातली : काठी आता माझ्याकडे राहील. ती मान्य झाली. मार खाल्लेल्या मुलाच्या पालकांना शाळेनं स्वतःहून फोन केला, काय झालं आणि काय करतो आहोत ते सांगितलं. ही बाजू अनेकदा राहून जाते आणि मग राग धुमसत राहतो.

हॉलमधला अर्धा तास

मी एक सराव मागे बसून पाहिला. मेंढपाळांचं प्रत्यक्ष काम तीनेक मिनिटांचं होतं : झोपायचं, दचकून उठायचं, आकाशाकडे बोट दाखवायचं, चालत गव्हाणीपाशी जायचं. बाकी सगळा वेळ फरशीवर मांडी घालून "शांत बसा" ऐकायचं. पुढे काय, किती वेळ, हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, कारण शिक्षकांनाही ते माहीत नव्हतं; गाणं बसेपर्यंत बसायचं.

हॉलचं छत उंच, भिंती उघड्या, पडदे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिकवणं चालू असताना वर्गात बाहेरून येणारा आवाज सरासरी ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि आवाज घुमत राहण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आसपास असावा. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज त्याहून बराच जास्त वेळ घुमतो. शेकडो मुलं एकाच वेळी कुजबुजली तरी प्रत्येक शब्द दुसऱ्यावर चढतो. काही मुलांना हे नुसतं गोंगाटाचं वाटतं, काहींना ते शरीराला सोसवत नाही. हा मुलगा सरावभर एक कान खांद्यावर टेकवून बसला होता. डोक्याला बांधलेलं खरखरीत कापड तो सतत ओढत होता, आणि मागून कुणीतरी "हात खाली" म्हणत होतं.

काय बदललं

पहिला निर्णय मुख्याध्यापिकांचा होता आणि माझ्या मते सगळ्यात मोठा परिणाम त्याचाच झाला. सकाळच्या पहिल्या दोन तासिका, वाचन आणि गणित, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत सरावासाठी कुणीही घ्यायच्या नाहीत. सराव मधल्या सुट्टीनंतरच, आणि ठरलेल्या वेळेलाच. दारात येऊन मुलं मागण्याची पद्धत बंद. संगीताच्या सरांना हे अवघड गेलं. त्यांनी दोन दिवस खपून सगळ्या वर्गांचं सरावाचं कोष्टक नव्यानं बसवलं. त्या मेहनतीशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

वर्गाचं वेळापत्रक सुट्या पट्ट्यांचं केलं. प्रत्येक कामाची एक पट्टी, शब्द आणि छोटं चित्र. कार्यक्रम बदलणार असेल तर सकाळीच पिवळी पट्टी लागे, म्हणजे "आज इथे बदल आहे" हे आधीच कळे. झालेलं काम काढून "झालं"च्या खोक्यात टाकायचं काम या मुलाकडे दिलं. चित्रांच्या वेळापत्रकाची ही रीत मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या कार्यक्रमामुळे, जो १९७२ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यानं आपलासा केला, जगभर पोचली. ती ऑटिझम असलेल्या मुलांसाठी घडवलेली असली तरी तिचा उपयोग करायला कुठलाही शिक्का लागत नाही.

तीन-चार दिवसांत बाईंना एक गोष्ट दिसली जी आम्ही शोधतही नव्हतो. वर्गातली एक अगदी अबोल मुलगी रोज सकाळी दप्तर ठेवायच्या आधी त्या पट्ट्यांपाशी जाऊन वरून खाली बोट फिरवायची आणि मग जागेवर बसायची. तिच्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. तिलाही डिसेंबर जड जात होता. तिनं फक्त तो कुणाला दाखवला नव्हता.

कॅलेंडर बाईंनी बदललं. खिडकीपासून दारापर्यंत दोरी, प्रत्येक दिवसाचा एक कागद, शनिवार-रविवारचे राखाडी. राखाडी कागद सोमवारी काढायचे, पण "हे दोन दिवस तुम्ही घरी जगलात" असं म्हणत एकेक करून. रंगीत तालीम, नाटक, शाळेचा शेवटचा दिवस आणि नाताळ यांची चार वेगळी चित्रं. घरासाठी तशीच छोटी दोरी दिली. तिच्यावर २३ तारखेला आईनं बाबांचा फोटो लावला.

नाटकाची भूमिका हा मोठा प्रश्न होता. "गोष्ट ठरलेली आहे, पात्रं कशी बदलणार?" अशी एक शंका आली. खरं तर शुभवर्तमानांतला, म्हणजे बायबलमधल्या लूक, मत्तय वगैरेंनी सांगितलेल्या येशूच्या चरित्रांतला मजकूर शाळांच्या नाटकापेक्षा बराच मोकळा आहे. मेंढपाळ लूकच्या दुसऱ्या अध्यायात येतात, त्यांची संख्या दिलेली नाही. पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात येतात, तेही तीनच होते असं तिथे म्हटलेलं नाही. दार लावून घेणारा धर्मशाळावाला तर दोन्हींत कुठेच नाही; "उतारशाळेत जागा नव्हती" एवढंच लूक सांगतो. बैल आणि गाढव हेही जन्माच्या या वर्णनांत नाहीत, ते परंपरेनं आले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचिओ गावात गव्हाणीचा जो देखावा उभा केला त्यात खरे बैल आणि गाढव होते. तेव्हा एक मेंढपाळ मागे राहून कोकरं सांभाळतो, हे त्या गोष्टीत अगदी सहज बसतं. कुणीतरी कळपापाशी थांबलंच असेल.

मुलालाच विचारलं. त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवल्या : आहे तसा मेंढपाळ, कोकरांचा मेंढपाळ, किंवा नाटकात न राहता वर्गातून मदत. तिसऱ्या पर्यायात कमीपणा नाही हे त्याला पटेल असं सांगणं गरजेचं होतं, नाहीतर निवड खरी ठरली नसती. त्यानं कोकरं निवडली. पाच कापडी कोकरं, योग्य वेळी गव्हाणीजवळ मांडायची. बाकी वेळ बाजूच्या दाराशी मदतनीस ताईंजवळ बसायचं. असह्य झालं तर खिशातलं निळं कार्ड ताईंना दाखवायचं आणि दोघांनी शेजारच्या खोलीत जायचं. कार्ड दाखवल्यावर "का?" असं विचारायचं नाही, हे ताईंशी ठरवून घेतलं. डोक्याचं कापड बदलून आईनं घरचा मऊ, धुतलेला पंचा दिला.

नाटकाच्या दिवसाची एक छोटी चित्रकथा आम्ही बनवली, हॉलचे फोटो लावून. शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९१ च्या सुमारास रूढ केलेल्या सामाजिक कथांचं, म्हणजे एखाद्या प्रसंगात काय घडेल ते मुलाला आधी सांगणाऱ्या छोट्या गोष्टींचं, तत्त्व पाळलं : सूचना कमी, वर्णन जास्त. "हॉल भरलेला असेल. लोक टाळ्या वाजवतील, त्यांचा आवाज मोठा असतो. टाळ्या म्हणजे त्यांना आवडलं. मग टाळ्या थांबतात." शेवटचं वाक्य त्यानं स्वतः घालायला लावलं.

सरावाची पद्धतही बदलली. गट वेगवेगळे बोलावले, अख्खं नाटक सलग करणं अगदी मोजक्या वेळा. याचा फायदा सगळ्या मुलांना झाला आणि संगीताच्या सरांनी ते मोकळेपणानं मान्य केलं. गाणीही लवकर बसली.

पुढे काय झालं

मारण्याचा प्रसंग पुन्हा घडला नाही. "आता काय?" हा प्रश्न राहिला, पण आता विचारून तो स्वतःच पट्ट्यांकडे पाहायचा. रंगीत तालमीला वरच्या वर्गांतली मुलं प्रेक्षक म्हणून आली तेव्हा पहिल्याच टाळ्यांना त्यानं कान झाकले आणि निळं कार्ड काढलं. ताई त्याला घेऊन गेल्या. शेवटच्या गाण्याला तो परत आला. कोकरं त्या दिवशी दुसऱ्या मुलीनं मांडली. काही शिक्षकांना हे अपयश वाटलं. मला ते या सगळ्या प्रकरणातलं मोठं यश वाटतं, कारण आठवड्यापूर्वी हेच मूल बुटांच्या मागे लपलं होतं आणि आता त्यानं एका मोठ्या माणसाला सांगून हॉल सोडला होता.

नाटकाचे दोन प्रयोग होते, दुपारी आणि संध्याकाळी. दुपारचा त्यानं पूर्ण केला. आई पाहायला होती. संध्याकाळच्या प्रयोगाला त्यानं यायचंच नाही असं आधीच ठरलं होतं, आणि ते ठरवणं बरोबर होतं. त्या संध्याकाळी आलेल्या मुलांपैकी तिघं-चौघं पेंगुळून रडली.

शेवटच्या दिवशी मात्र बिनसलं. सुट्टीत हॉल आणि वर्ग साफ करायचे म्हणून दुपारीच सजावट उतरवायला सुरुवात झाली आणि त्या ओघात वेळापत्रकाच्या पट्ट्याही निघाल्या. तो टेबलाखाली गेला आणि घरी जायची वेळ होईपर्यंत बाहेर आला नाही. बाईंनी त्याच्याशेजारी खाली बसून जानेवारीतल्या पहिल्या सकाळच्या पट्ट्या लावल्या : हजेरी, वाचन, गणित. मुलगा टेबलाखालून पाहत होता. समारोपाच्या दिवसाची तयारी कुठल्याच योजनेत नव्हती. सण संपतो तेव्हाचा बदलही तेवढाच मोठा असतो.

जानेवारीत तो पुन्हा पूर्वीसारखा झाला, असं बाईंची नोंद सांगते. आईनं तरीही बालविकास तज्ज्ञांची भेट घ्यायचं ठरवलं आणि मी तिला पाठिंबा दिला, कारण बदलाचा आणि आवाजाचा त्रास वर्षभर थोडा थोडा होताच. त्या भेटीसाठी आम्ही नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी अशा तीनही महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून दिल्या.

शाळेनं पुढच्या वर्षासाठी काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. सरावाचं कोष्टक नोव्हेंबर लागायच्या आधी तयार असेल. पहिल्या दोन तासिका सगळ्या वर्गांत राखीव असतील. सजावट मुलं घरी गेल्यावर उतरेल. संध्याकाळच्या प्रयोगाला पहिली-दुसरीची मुलं असावीत का, यावर अजून निर्णय झालेला नाही. बऱ्याच पालकांना दुपारी येता येत नाही, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर सोपं उत्तर मला दिसत नाही. आणि हा मुलगा तिसरीत गेला की त्याच्या नव्या बाईंना हे सगळं कोण सांगणार, म्हणून वर्गशिक्षिकेनं एका पानावर त्याच्याबद्दलच्या पाच ओळी लिहून फाइलमध्ये सगळ्यात वर लावल्या आहेत. त्यातली पहिली ओळ : वेळापत्रक बदललं तर सकाळीच सांगा.